डावं चाक मी उघडलं होतं

भोज्या,

तुझी गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात उभी आहे. आज अकरावा दिवस, आणि मी अजून तिला पाहायला गेलो नाही. रोज सकाळी कुडव्याच्या घरून दुकानाकडे निघतो, ठाण्याच्या चौकात येतो आणि जिथं वळायचं तिथं न वळता सरळ निघून जातो. काल तर चौकच नको म्हणून लांबचा फेरा मारला. तुझ्याशी पंधरा वर्षं भांडलेला माणूस आहे मी. असा घाबरट नव्हतो.

मेश्राम सरांचा निरोप आला. रविवारी शर्यतीच्या मैदानावर सगळे जमून राहिले, तू सगळ्यात जवळचा, भोजराजबद्दल चार ओळी लिहून आण. म्हणून वही घेऊन बसलो. पण चार ओळी लिहायला जातो तर हात दुसरीकडेच जातो. मैदानावर वाचायचं ते वेगळं लिहीन, मनमिळाऊ होता, मदतीला धावून जायचा वगैरे. तू काही एवढा मनमिळाऊ नव्हता. हे मात्र फक्त तुला लिहून राहिलो, दुसऱ्या कोणी वाचायचं नाही.

मला त्या गाडीत एकच गोष्ट पाहायची आहे. पुढच्या डाव्या चाकामागं, स्टिअरिंगचा दांडा जिथं चाकाला जोडतो, तिथं खाचांचा एक नट असतो. तो नट फिरून निघू नये म्हणून त्यातून एक पिन आरपार घालतात आणि तिचे दोन पाय मागं वाकवतात. लहानशी वस्तू. तळहातावर ठेवली तर वजनही लागत नाही. ती पिन मी घातली होती की नाही, हे मला आठवत नाही. घातली असेल तर तू तुझ्या नशिबानं गेला. नसेल घातली तर मी मारलं तुला. मधलं काही नाही.

म्हशी चारणारा एक म्हातारा अपघात झाला तिथं होता. चोरखमाऱ्याच्या रस्त्यावर, तलावाच्या अलीकडच्या वळणावर. तू सकाळी एकटाच सासरी निघाला होता. ऊन चांगलं पडलं होतं, समोरून कोणी येत नव्हतं. म्हातारा सगळ्यांना तेवढंच सांगते, "रस्ता वळला, गाडी नाही वळली." डाव्या अंगानं खाली उतरली आणि मोहाच्या झाडावर गेली. दोन्ही अंगांना वीतभर जागा असली तरी गाडी काढणारा तू, आणि एक साधं उजवं वळण तुला घेता आलं नाही. लोक म्हणून राहिले, स्टिअरिंग गेलं असंल. माझ्या दुकानात चहा पिता पिता म्हणतात, मी बॅटरीच्या तारा बांधत असतो तेव्हा. मग एखादा सहज विचारतो, तुमीच तं उघडली होती ना ती गाडी महिन्यापूर्वी? वाईट मनानं नाही विचारत. पण माझ्या हातातला पाना खाली ठेवावा लागते.

पहिल्यापासून मांडून पाहतो. तुला सगळं माहीत आहे, पण मांडलं की कुठं चुकलं ते सापडेल.

तुझ्या मुर्रीच्या पुढची ती बंद पडलेली उसना, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. तिचं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण आपण मागून घेतलं, महिन्यातून एक रविवार. कोंडा भरलेली पोती उभी करायची, त्यांच्यामधून वाट काढायची, एका वेळी एकच गाडी, आणि सरांच्या हातात स्टॉपवॉच. पोतं पडलं की दोन सेकंद वाढले. सर आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवायचे, त्यांच्या कोण्या भाच्यानं परदेशातलं नियमांचं पुस्तक झेरॉक्स करून पाठवलं होतं. त्याच्यावरून आपण तिघांनी तुझ्या ओसरीत बसून आपले नियम लिहिले. आपल्या गाड्यांच्या वर्गाचं नाव तू ठेवलं, 'जशीच्या तशी'. गाडी कंपनीनं दिली तशीच पाहिजे. टायर कोणाचेही चालतील, पण माप तेच. ब्रेक पॅड बदला, हवेचा फिल्टर बदला, शॉकअप नवे टाका. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या चटया काढून ठेवा. पण स्प्रिंगला हात लावायचा नाही, रिम रुंद करायची नाही, सीट काढायची नाही, इंजिन उघडायचं नाही. तुला तो वर्ग फार प्रिय होता. घरची आठशे गाडी, आठवडाभर तिच्यात तांदळाची पोती वाहिली, रविवारी सकाळी धुतली आणि लायनीत उभी केली. तू म्हणायचा, ज्याच्यापाशी पैसा आहे तो दुसऱ्या वर्गात जाईल, इथं फक्त माणूस दिसते.

आणि शर्यतीच्या आधी चपला काढून चालायचा तू. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी, पोत्यापोत्यामधून, सावकाश. कुठं कोंड्याची धूळ आहे, कुठं जुन्या पाण्याचा गुळगुळीत डाग आहे, ते तळपायानं पाहायचा. बाकीचे हसायचे. मी पण हसायचो, पण दुसऱ्या महिन्यात मीही कोणी नसताना चालून पाहिलं. मला काही समजलं नाही, पाय मात्र भाजले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता हरकतीचा नियम. तो झेरॉक्सच्या पुस्तकात नव्हता. तो माझा. पहिल्या वर्षी कोणीतरी कोणाच्या इंजिनावर शंका घेतली, बाहेरचा मिस्त्री बोलावून उघडायला लावलं, आणि बंद केल्यावर ते सुरूच होईना. कोणी बिघडवलं यावरून दोन महिने बोलचाल बंद. तेव्हा मीच सभेत उभा राहून म्हटलं, ज्याची हरकत त्याचाच पाना. ज्याला शंका आहे त्यानं गाडीची एकच जागा निवडायची, सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उघडायची, आणि काही नाही निघालं तर स्वतःच्याच हातानं बंद करायची. मालकानं दहा पावलं दूर खुर्चीत बसायचं, हात लावायचा नाही. बंद झाल्यावर तपासायचंही नाही. सरळ बसायचं आणि गाडी न्यायची. तपासलं तर त्याचा अर्थ, भरोसा नाही. सगळ्यांना नियम फार आवडला. टाळ्या वाजल्या होत्या. लोक हरकत घ्यायच्या आधी दहादा विचार करायला लागले, आणि मला वाटलं मी मोठं काम केलं.

या हिवाळ्यात तू मला सारखा हरवून राहिला होता. दरवेळी अर्धा सेकंद, कधी त्याच्याहूनही कमी. तुझी गाडी पुढून बसलेली दिसायची, डावीकडून जास्तच. बसलेली गाडी वळणात चिकटून जाते, हे आयटीआयच्या पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, तू स्प्रिंगचा एक वेढा कापला. तू म्हटलं, नाही कापला, ओझं वाहून वाहून थकली ती. मी म्हटलं, थकली तरी कंपनीनं दिली तशी कुठं राहिली? मग ती 'जशीच्या तशी'त कशी बसते? यावर तू जे म्हणाला ते अजून माझ्या कानात आहे.

"म्हातारं होणं म्हणजे मॉडिफिकेशन नाही बे. आणि मंग तू तरी कुठं जसाच्या तसा राहिला?"

असं म्हणून माझ्या पोटावर थाप मारली. चार जणांसमोर. हा वाद आपला डिसेंबरपासून चालू होता आणि तो संपला नाही. मला अजूनही वाटते की माझं बरोबर होतं. झिजलेल्या वस्तूची काही मर्यादा नियमात असायला पाहिजे. तू असता तर याच वाक्यावर पुन्हा उसळला असता, आणि सर म्हणाले असते की तुम्ही दोघंही बाहेर जाऊन भांडा.

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. तुझी पहिली फेरी झाली, दिवसातला सगळ्यात कमी वेळ. मी सरांपाशी गेलो आणि म्हटलं, हरकत. जागा, पुढचं डावं चाक, स्प्रिंग. पाच वर्षांत आपल्या दोघांत कोणी असं करेल हे कोणाच्या मनात नव्हतं. तू प्लास्टिकची खुर्ची उचलली, दहा पावलं मोजली, बसला आणि आपल्या हाताची नखं पाहत राहिला.

मी गाडी जॅकवर घेतली. चाक काढलं. काही जण स्टिअरिंगचा दांडा न सोडताच शॉकअप उतरवतात, मला मोकळं काम करायची सवय, म्हणून मी दांडाही सोडला. तिथली कंपनीचीच जुनी पिन गंजलेली होती, काढताना माझ्या हातात तुटली. एवढं पक्कं आठवते. मनात म्हटलं, बंद करताना डब्यातली नवी घालू. स्प्रिंग बाहेर काढली. आपला वाद ऐकून ऐकून सरांनी आधीच स्पेअर पार्टच्या दुकानातून नवी आणून ठेवली होती, दोन्ही शेजारी उभ्या केल्या आणि बोट लावून वेढे मोजले, मोठ्यानं. तेवढेच निघाले. कापल्याची खूण नाही. फक्त दोन बोटं बुटकी, थकलेली. सर म्हणाले हरकत फेटाळली. मागं कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मी अजून शोधून राहिलो.

मग मी ती बंद केली. सगळं आठवते. स्प्रिंग बसवली, वरचे तीन नट, खालचे दोन बोल्ट. दांडा बसवला, खाचांचा नट मनगट दुखेपर्यंत आवळला. कान तापले होते. पुढच्या गाडीवाला ओरडून राहिला होता की ऊन वाढते, लवकर करा. सर वाकून म्हणाले, "झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

त्या दोन गोष्टींच्या मध्ये, नट आवळणं आणि झालं म्हणणं, माझा हात पिनांच्या डब्याकडे गेला का? तिथं मला काहीच दिसत नाही. डोळे मिटून दहा दहा वेळा पाहिलं. नट दिसतो, सरांची चप्पल दिसते, मधलं कोरं आहे. डब्यातल्या पिनाही ओतून पाहिल्या, पण आधी किती होत्या हे कोणाला माहीत.

तू उठला, गाडीत बसला आणि चाकाकडे पाहिलंही नाही. त्यानंतर तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक उजव्या वळणाला सगळा भार त्या डाव्या चाकावर येत होता, आणि मी झाडाखाली उभा राहून तुझं पोतं पडण्याची वाट पाहत होतो. एकही पडलं नाही. बक्षीस द्यायच्या आधीच मी निघून गेलो. तुझा हात हातात घेतला नाही.

आठ दिवसांनी तुझा फोन आला, दुकानाच्या फोनवर. आवाज नेहमीसारखा नव्हता, खालच्या पट्टीतला. म्हणाला, "एकदा मुर्रीले ये. गाडीचं बोलायचं आहे. फोनवर नाही बोलत." मी म्हटलं, बॅटऱ्या चार्जिंगला लागल्या आहेत, टाइम नाही. तू म्हणाला, "बरं." आणि ठेवला. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं, भोज्या. पुढं पंधरा दिवस तू जिवंत होता. कुडवा ते मुर्री जायला किती वेळ लागते? मी रुसून बसलो होतो, बायकोसारखा. नाही, बायकोचं नाव कायले घेऊ, माझी बायको कधी एवढी रुसली नाही. ती रोज म्हणत होती जाऊन या.

त्या 'बरं'चा मी अकरा दिवस विचार करून राहिलो. तुला आवाज येत होता का चाकातून? ठक ठक? तेच सांगायचं होतं का? मी आलो असतो तर खाली वाकून पाहिलं असतं, पिन दिसली नसती, घातली असती, दोन मिनिटांचं काम. अकरा दिवस मी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक आठशेच्या डाव्या चाकाचा आवाज ऐकत बसतो.

बाबांना नागपूरला न्यायचं होतं तेव्हाचं आठवते. पोटात गाठ फुगली होती, जरा धक्का बसला की ओरडायचे. तू म्हणाला, दुसरी गाडी कायले सांगतो, मी आहे ना. पोत्यांमधून बेफाम गाडी काढणाऱ्या माणसानं त्या दिवशी आख्ख्या रस्त्यात एकदाही जोरानं ब्रेक मारला नाही. खड्डा दूरवर दिसला की आधीच हळू व्हायचा, इतका हळू की मागचे ट्रकवाले शिव्या द्यायचे. बाबा झोपी गेले. चार दिवसांतली पहिली झोप होती ती त्यांची. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि आरशात तुझे डोळे दिसत होते. तेव्हा तुला काही बोललो नाही. तुझ्यामाझ्यात आभार मानायची पद्धत नव्हती. आता मानतो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ललितावहिनी तुमच्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका बाजूला होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, गाडीत काही बिघडलं होतं का? तुमी तं पाहिली होती." मी म्हटलं, पाहून सांगतो वहिनी. तेव्हापासून त्या वाट पाहून राहिल्या. आज बायको तिकडून येऊन सांगत होती की दारापाशी कोणाचीही मोटरसायकल थांबली की त्या मान वर करतात.

उद्या जातो. रविवारच्या आत पाहिलंच पाहिजे. नाहीतर कोणत्या तोंडानं वाचू त्या चार ओळी.

*

गेलो.

हवालदार ओळखीचा निघाला, त्याच्या गाडीचं वायरिंग मीच केलं आहे. त्यानं मागचं फाटक उघडून दिलं. तुझी गाडी बाभळीखाली आहे. पुढचं तोंड आत गेलं आहे, काच नाही, सीटवर अजून तुझा टॉवेल आहे. मी तिकडे पाहिलं नाही. सरळ डावीकडे गेलो आणि जमिनीवर उताणा झोपलो. खाली काटे होते. मोबाइलचा उजेड चाकाच्या मागं मारला, पण डोळे उघडवेनात. तसाच पडून राहिलो, हवालदाराला वाटलं मला चक्कर आली.

मग पाहिलं. दांडा जागच्या जागी. नट जागच्या जागी. नटाच्या खाचेत पिन.

भोज्या, मी तिथं पडल्या पडल्या रडलो. मोठ्यानं. लाज वाटली नाही. हवालदारानं मला धरून बसवलं, पाणी दिलं, आणि तेव्हा सांगितलं की टायर पाहा. डावा टायर बगलेतून फाटलेला, दोन हात पालथे घातले तर जातील एवढा. म्हणे वळणाच्या बऱ्याच अलीकडे रस्त्यावर रबराचे तुकडे पडले होते, पंचनाम्यात लिहिलं आहे, मोठा टोकदार दगडही सापडला. आधी टायर फुटला, मग गाडी डावीकडे ओढली गेली. तुम्ही कोणी विचारायला आलाच नाही, तो म्हणाला. खरंच कोणी आलं नव्हतं. सगळ्यांना स्टिअरिंगच पाहिजे होतं, मलाही.

उठताना पुन्हा एकदा वाकून पाहिलं. उगीच, मनाची खात्री म्हणून. आणि तेव्हा दिसलं की पिन पिवळी आहे.

माझ्या डब्यात पितळी पिन नाही. कधीच नव्हती, मी लोखंडी वापरतो. पितळी पिन वापरणारा गोंदियात मला एकच माणूस माहीत होता, तो म्हणायचा लोखंडी गंजते आणि काढताना तुटते. आणि तिचे पाय उलट्या अंगाला वाकवलेले होते, डावखुऱ्या माणसानं वाकवावे तसे, आणि डावखुरा तूच. ती तू घातली होती. म्हणजे मी नव्हती घातली. मी विसरलो होतो, आणि तीन फेऱ्या तू तशाच मारल्या, आणि मग कधीतरी तुला दिसलं आणि तू गुपचूप घालून टाकली. कोणाला सांगितलं नाही. सरांना नाही, मैदानावर नाही. सांगितलं असतं तर मला या गावात कोणी पाना धरू दिला नसता.

ठाण्यापासून मुर्रीपर्यंत मी गाडी चालवत होतो आणि मनात तुझ्याशीच बोलत होतो. म्हटलं, साल्या, केवढं मोठं मन तुझं, आणि मी तुला मनमिळाऊ नव्हता म्हणून लिहून बसलो. अकरा दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. मला भूकही लागली होती, तेवढ्यात.

वहिनींना सांगितलं, टायर फुटला वहिनी, गाडीत दुसरं काही नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. मग पिनेचं सांगावं की नाही या विचारात मी होतो, तोच त्या आपणहून बोलायला लागल्या. माझं मन राखायला बोलत होत्या बिचाऱ्या.

"त्या रविवारी जिंकून आले, पण खुश नव्हते. जेवाच्या आधी गाडी जॅकवर घेतली. लय वेळ चाकापाशी बसून होते. मी म्हटलं काय पाहता, तं म्हणे, त्याच्या हातचं काम पाहून राहिलो."

आणि त्या जराशा हसल्या. म्हणाल्या, तुमच्या कामाचं लय कौतुक होतं त्यांना. दोनदा तुमच्याकडे यायला निघाले होते, एकदा तर कुडव्याच्या नाक्यापर्यंत येऊन परत आले. कायले परत आले विचारलं तर बोलले नाहीत. त्यानंतर तुमचं नाव घरात निघालंच नाही. कामात असतील म्हणून मीही विचारलं नाही.

त्यांनी चहा आणला. मी तो पिला. काय चव होती सांगता येत नाही.

तू तपासलं, भोज्या. बंद झालेली गाडी तपासायची नाही, हे आपण पाच वर्षं पाळलं. जिंकून घरी गेलेला माणूस जेवायच्या आधी गाडी जॅकवर कायले घेईल?

वर मी एक गोष्ट लिहिली नाही. लाज वाटली म्हणून गाळली, कोणी वाचणार नाही हे माहीत असूनही. सरांना झालं म्हटल्यावर मी पाना घेऊन तुझ्या खुर्चीजवळून गेलो होतो. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मला वाटते तू हसणार होता. आणि मी खाली वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं, तुला म्हटलं होतं:

"जाय. आता पाहू किती धावते ते."

माझ्या मनात फक्त जळफळाट होता. हरलेला माणूस बोलते ते बोललो. पण तू ते ऐकून गाडीत बसला, तीन फेऱ्या मारल्या, घरी गेला, चाकाखाली वाकला आणि तिथं पिन नव्हती. लय वेळ बसून होता, वहिनी म्हणतात. काय विचार करत होता ते मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असतो तर तोच केला असता. मग आठ दिवस थांबून तू मला फोन केला, ये म्हणाला, समोरासमोर विचारायचं म्हणून, आणि मी टाइम नाही म्हटलं. त्यानं तुझी खात्रीच झाली असेल. नाक्यापर्यंत आला आणि फिरला तो त्याच्यामुळंच. तरी तू कोणाला सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. तेवीस दिवस ते एकट्यानं पोटात ठेवलं आणि ते घेऊनच गेला.

तू टायर फुटून मेला, हे मी रविवारी सगळ्यांना सांगीन. पिनेचंही सांगीन, सरांना आधी, मग वहिनींना, मग माझं काय व्हायचं ते होवो. पण ज्याला सांगायचं होतं तो ऐकणार नाही, आणि त्याला बाकी काही नको होतं, एवढंच विचारायचं होतं, काऊन बे? काऊन केलं असं?

मी विसरलो, भोज्या. शपथ, मुद्दाम नाही. विसरलो.